ओठ हलविणारे आणि गाणारे

गाणे ऐकावयाचे की पाहावयाचे, हा वाद आपल्या बडोद्यातील रसिकांना नवा नाही. बैठकीत गवयाच्या हाताचा फेर, तंबोऱ्याकडे टाकलेला कटाक्ष आणि सम गाठल्यावर तबलजीच्या चेहऱ्यावर उमटणारे हसू हे सारे गाण्याचेच अंग आहे, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविले. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला विलायतेच्या रॉक संगीताची, आणि तीही दूरचित्रवाणीवरच्या जुन्या कार्यक्रमांची ओढ का लागावी, असे माझे स्नेही मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आज जरा विस्ताराने देतो.

१९७३ ते १९७६ ही वर्षे मी नोकरीनिमित्त लंडनजवळ काढली. घरमालकीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत कृष्णधवल टीव्ही होता आणि गुरुवारी संध्याकाळी घरातली तरुण मंडळी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ पाहण्यासाठी त्याच्यापुढे गोळा होत. बीबीसीचा हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधील एका जुन्या चर्चच्या इमारतीतून सुरू झाला आणि २००६ पर्यंत चालला. खपात वर असलेली गाणी त्यात सादर होत. पण सादर होत म्हणजे काय? बहुधा तबकडी वा फीत वाजे आणि कलावंत तिच्याबरोबर ओठ हलवीत. गिटारला वीज जोडलेली नसे, तरी बोटे मात्र तारांवरून धावत! आपल्या कानांना ही फसवणूक लगेच कळते. न घेतलेला श्वास दिसत नाही म्हणतात, पण तो न दिसणेच डोळ्यांत खुपते.

या उलट जात होती ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमाची. तो सप्टेंबर १९७१ मध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर रात्री उशिरा सुरू झाला. नावाची कथा मोठी गोड आहे. लंडनच्या गीतप्रकाशकांच्या गल्लीत करड्या पोषाखातील दरवान असत. नवे गाणे त्यांना ऐकवावयाचे, आणि एकदोनदा ऐकून त्यांना ते शिटीवर वाजविता आले तर गाणे चालणार असे समजावयाचे. पंडितांची नव्हे, दरवानाची पसंती! कार्यक्रमाचा स्टुडिओ मात्र खोलीएवढा लहान. मागे सजावट नाही, समोर श्रोते नाहीत, उघड्या भिंती आणि फिरणारे कॅमेरे. आरंभी साधने अपुरी म्हणून कधी मुद्रित साथीवर भागवावे लागे; पुढे मंडळी सारे प्रत्यक्ष वाजवू लागली. निवेदक बॉब हॅरिस इतक्या हळू बोलत की त्यांना ‘कुजबुजणारा बॉब’ हेच नाव पडले. १९७३ साली जमैकाचे बॉब मार्ले आणि त्यांचे साथीदार याच उघड्या भिंतींपुढे वाजवून गेले. मला त्या खोलीत आपल्या घरगुती बैठकीची आठवण होई. लपावयास जागा नाही. जे येते तेच दाखवावयाचे.

प्रत्यक्ष गाण्यात घड्याळाचा हुकूम चालत नाही, याचा दाखला त्याआधीच घडला होता. ४ जानेवारी १९६९ रोजी गायिका लुलू यांच्या थेट प्रक्षेपित कार्यक्रमात जिमी हेंड्रिक्स आले. ठरलेले गाणे त्यांनी मध्येच थांबविले आणि नुकत्याच विसर्जित झालेल्या ‘क्रीम’ या वाद्यवृंदाला मानवंदना म्हणून त्यांचेच गाणे छेडले. वेळ संपत आली, पुढचा बेत कोलमडला, तरी गिटार थांबेना. कार्यक्रमाच्या व्यवस्थापकांचे काय झाले असेल ते असो. पण ऐकणाऱ्यांच्या पदरात जे पडले ते कागदावर लिहून ठेवून घडणारे नव्हते.

माझ्या आठवणीत सर्वांत ठळक आहे ती १९७५ च्या नाताळच्या आदल्या दिवसाची रात्र. हॅमरस्मिथ ओडियन या नाट्यगृहातून ‘क्वीन’ मंडळींचा कार्यक्रम ‘व्हिसल टेस्ट’ने थेट दाखविला, आणि तोच रेडिओवरूनही लागला होता. गायक फ्रेडी मर्क्युरी! हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, हे मला पुष्कळ उशिरा समजले. त्या वेळी त्यांचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पहिल्या क्रमांकावर होते. त्यातला मधला ऑपेरा पद्धतीचा भाग स्टुडिओत आवाजांवर आवाज चढवून बांधलेला. चार माणसांनी तो रंगमंचावर गाणे अशक्य. त्या रात्री त्यांनी तो सरळ वगळला, मध्ये आपली दुसरी गाणी गुंफली आणि शेवटी मूळ गाण्यावर परत आले. जे होत नाही त्याचे सोंग केले नाही, हे मला फार भावले.

आणि दैवाचा खेळ असा की, त्याच गाण्याने प्रत्यक्ष गाण्याची वाट अरुंद केली. कलावंतांनी स्टुडिओत येण्याऐवजी त्यांनी पाठविलेले छोटे चित्र दाखवावे, ही सोय त्या गाण्याच्या चित्राने लोकप्रिय केली. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही चोवीस तासांची वाहिनी निघाली आणि चित्राचे राज्य सुरू झाले. ‘व्हिसल टेस्ट’चा शेवटचा कार्यक्रम १९८७ च्या वर्षअखेरच्या रात्री झाला.

पण माझी खरी खंत वेगळीच आहे. जे झाले तेही पुष्कळसे उरले नाही. त्या काळी दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग. म्हणून कार्यक्रम झाला की ती पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घ्यावयाचा, हाच रिवाज. बीटल्स १६ जून १९६६ रोजी ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या स्टुडिओत जातीने आले होते. ती फीतही गेली. २०१९ साली जे हाती आले ते कोणा प्रेक्षकाने घरच्या पडद्यावरून टिपलेले अकरा सेकंदांचे मुके चित्र!

डेव्हिड बोवी यांचे नशीब थोडे बरे. ३ जानेवारी १९७३ रोजी त्यांनी ‘द जीन जिनी’ हे गाणे तेथे ओठ न हलविता खरोखर गाऊन मुद्रित केले. तीही फीत पुसली गेली. परंतु जॉन हेन्शॉल या कॅमेरामनने आपल्या खास भिंगाची करामत दाखविण्यासाठी एक प्रत मागून घेतली होती. ती त्यांच्यापाशी अडतीस वर्षे राहिली. बीबीसीकडे प्रत नाही हे त्यांच्या ध्यानी आले, तेव्हा २०११ च्या डिसेंबरात ती पुन्हा लोकांपुढे आली. मोठ्या संस्थेने घालविले आणि एका कामगाराच्या कपाटाने राखले.

हे वाचून आपण हळहळून थांबू नये, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. उस्ताद फैयाजखाँ १९५० साली गेले. त्यांचे जे गाणे आज आपण ऐकतो, त्यात रेडिओसाठी केलेल्या मुद्रणांचा वाटा मोठा आहे. कोणी तरी ती राखली म्हणून आपणांस लाभली. आपल्या जुन्या घरांत माळ्यावर, लोखंडी पेटीत, पुतण्याच्या लग्नातील गाण्याची, वाड्यातल्या गणेशोत्सवाची, आजोबांच्या मित्राच्या बैठकीची अशी स्पूले आणि कॅसेटी पडलेल्या असतील. फितीवरचा थर दरवर्षी झडतो आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. या दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून त्यांची नवी प्रत करून घ्यावी, आणि डब्यावर गवयाचे, साथीदारांचे नाव व साल लिहावे. कोणास ठाऊक, ज्याची दुसरी प्रत जगात कोठेच नाही असे एखादे गाणे तुमच्याच घरी असेल.