चेहरा ओळखणारी यंत्रणा आणि माहितीचा अर्ज

माहितीच्या अधिकाराखालील अर्ज हा व्यावहारिक मराठीतील एक महत्त्वाचा लेखनप्रकार आहे. माहिती मिळणार की नाकारली जाणार, हे अनेकदा अर्जातील शब्दयोजनेवर अवलंबून असते. पोलीस दलाकडील चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

ही यंत्रणा कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा संग्रहातील छायाचित्रांशी ताडून पाहते आणि दोहोंत किती साम्य आहे, ते सांगते. ती खात्री देत नाही. केवळ शक्यता दर्शविते. म्हणून किती साम्य आढळल्यास ओळख पटली असे मानायचे, हा निर्णय यंत्राचा नसून धोरणाचा असतो. दिल्ली पोलिसांनी हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी स्वीकारलेली यंत्रणा पुढे २०२० च्या दंगलींच्या तपासातही वापरली गेली. ८० टक्क्यांहून अधिक साम्य जुळणी म्हणून ग्राह्य धरले जाते, ही बाब २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारातील उत्तरामुळे उजेडात आली. ही मर्यादा जितकी खाली, तितकी निरपराध व्यक्तीवर संशय येण्याची शक्यता अधिक. म्हणूनच ती नागरिकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

अर्ज लिहिताना दोन भेद ध्यानात घ्यावेत. पहिला भेद तपास आणि धोरण यांतील. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ज) नुसार तपासात अडथळा आणणारी माहिती नाकारता येते. ‘अमुक प्रकरणात कोणाचे चेहरे जुळले?’ हा तपासाचा प्रश्न झाला. ‘यंत्रणेच्या वापराचे नियम कोणते?’ हा धोरणाचा. नियम सांगितल्याने तपास कसा अडतो, हे कार्यालयाला दाखवून द्यावे लागते. शिवाय अभिलेखाचा काही भाग गोपनीय असल्यास तो वगळून उर्वरित भाग देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे.

दुसरा भेद मत आणि अभिलेख यांतील. ‘पोलीस आमच्यावर पाळत का ठेवतात?’ या प्रश्नात कोणत्याही कागदपत्राची मागणी नाही. त्याऐवजी ‘यंत्रणेच्या वापराविषयीची मार्गदर्शक तत्त्वे, अचूकता-चाचणीचा अहवाल आणि छायाचित्रे जतन करण्याच्या कालावधीसंबंधीचा आदेश यांच्या प्रती द्याव्यात’, असे लिहावे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा नकार मिळाल्यास प्रथम अपील करता येते.

कृती : आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यांना उद्देशून असा अर्ज लिहा. प्रत्येक मागणी नेमक्या कोणत्या अभिलेखाची आहे, ते तपासा.