सशाच्या कानांचे लॅव्हेंडर

लॅव्हेंडर म्हटले की आम्हाला साबणाचा वास आठवे. पण स्पेन-पोर्तुगालच्या माळरानावरचे हे झाड निराळे. वास कापराकडे झुकणारा, आणि जांभळ्या कणसाच्या शेंड्यावर सशाच्या कानांसारखी रंगीत पाने. कान दिसले की ओळख पटली. पानाची कड दातेरी असेल तर मात्र ती दुसरी जात समजावी.

यातही प्रकार आहेत. 'क्यू रेड'ची फुले गडद गुलाबी, कान फिके. 'स्नोमॅन' पांढरा. 'पॅपिलॉन'चे कान लांब, दांडाही लांब.

तिकडे सेंट जॉनच्या सणाला याच्या फांद्या जाळत. त्या दिवशी भुते फिरतात म्हणे! आपल्याला भूत नको, वास पुरे. युनानी औषधांच्या दुकानात हीच सुकी फुले 'उस्तुखुद्दूस' नावाने मिळतात.

रोप घेण्याआधी एक ऐका. हे झाड मायेने मरते. त्याच्या देशात पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. मुंबई-कोकणचा पावसाळा त्याच्या मुळावरच येतो. आम्ही रोज पाणी घालून पहिले रोप कुजवले; ओव्हरटाइमचे पैसे गेले.

म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर, पाऊस सरला की रोप आणावे. तळाला भोके पाडलेला तेलाचा डबाही चालतो. मातीत निम्मी जाड वाळू घालावी. शेणखताचा मारा नको, चुना तर नकोच. माती सुकल्याखेरीज पाणी देऊ नये. गॅलरीत भरपूर ऊन लागेल अशी जागा द्यावी. फुले सरली की शेंडे खुडावेत. खालच्या बिनपानाच्या लाकडाला कात्री लावू नये, तिथून सहसा फुटवा येत नाही.