खोलीवरची तलफ, घरातली पुडी

मार्च २०२० च्या मध्याला कोरोनामुळं महाविद्यालयं बंद झाली आणि पुण्यात, औरंगाबादेत (आजचं छत्रपती संभाजीनगर) खोली घेऊन शिकणारी बीड जिल्ह्यातली पोरं गावाकडं निघाली. मेस बंद, अभ्यासिका बंद. कुणी मिळेल त्या एसटीनं आलं, तर कुणी मित्राच्या गाडीवर नगर, आष्टी, जामखेड करत पोचलं. पाठीवरच्या बॅगेत पुस्तकं होती, चार्जर होता. टपरीवरची सिगारेट आणि खोलीवरची शनिवारची बिअर मात्र तिकडंच राहिली.

या घटनेकडं मी एक प्रयोग म्हणून पाहतो. व्यसन शरीरात किती असतं आणि जागेत, सोबतीत किती असतं, हे तपासायला एरवी कुणी हजारो तरुणांना एका आठवड्यात उचलून दुसरीकडं नेऊन ठेवलं नसतं. महामारीनं ते केलं.

जागेचा व्यसनाशी काय संबंध, असं वाटेल. तो मेंदूतच आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. माकडाला रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतायच्या. रस देण्याआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, तसं काही दिवसांत पेशींचं चेतणं रसावरून खुणेवर सरकलं. तलफेचा पाया हाच. सिगारेट ओढणाऱ्याला तलफ येते ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, लायटरच्या आवाजानं, रोज सोबत टपरीवर येणारा मित्र दिसला की. खुणा गेल्या की तलफेचा मोठा आधार जातो.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा व्हिएतनाम युद्धातला आहे. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यानं आपण अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेल्याचं सांगितलं होतं. ली रॉबिन्स या संशोधिकेनं १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षभरात पुन्हा तितक्याच आहारी गेलेले त्यांच्यातले शंभरात पाचच्या आसपास निघाले. माणसं तीच, भोवताल बदलला होता. २०२० च्या टाळेबंदीत अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीतही हेच दिसलं. मित्रांसोबतची खोली सोडून आईवडिलांकडं राहायला गेलेल्यांचं पिणं ठळकपणे घटलं, मित्रांसोबतच राहिलेल्यांचं तसं घटलं नाही.

मग बीडच्या पोरांचं व्यसन घरी येऊन सुटलं, असं म्हणायचं का? इथं जगभरातल्या प्रश्नावल्या अपुऱ्या पडतात. त्यांतल्या अनेक सिगारेट किती आणि पेग किती, एवढंच विचारतात. आपल्याकडं तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ली जास्त जाते. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे सहा पटींहून जास्त. महामारीच्या अगदी तोंडावर, २०१९ मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे पाहणीदार महाराष्ट्रात घरोघरी गेले, तेव्हा १५ वर्षांवरच्या पुरुषांत तंबाखू घेणारे ३३.८ टक्के आढळले आणि दारू पिणारे १३.९ टक्के. पोरगा सिगारेटीपासून लांब आला खरा, पण आला तो जिथं कोनाड्यात पुडी आणि चुन्याची डबी कायम असते अशा घरात. आजी मिसरी लावते, चुलते बांधावर बसून तंबाखू मळतात, आल्यागेल्याला चिमूट पुढं करणं ही तर रीतच. एक खूण मागं पडली आणि दुसरी उशाशी आली. शिवाय पुडीला धूर नाही, वास कमी, ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवून गालात धरता येते. सिगारेट घरच्यांपासून लपवावी लागते, पुडीला घरात आधीच जागा आहे.

आणि तिला हलकं समजण्यात मोठी चूक आहे. चुन्याचं काम चवीपुरतं नसतं. तंबाखूतलं निकोटीन आम्लात असलं की विद्युतभारित रूपात राहतं आणि तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुना ते मिश्रण अल्कधर्मी करतो, भार निघून जातो आणि निकोटीन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून सरळ रक्तात उतरतं. तळहातावर अंगठ्यानं मळण्याची आपली जुनी कृती ही रसायनशास्त्राच्या नजरेनं निकोटीन मोकळं करण्याची कृती आहे. सिगारेटचं निकोटीन मेंदूत दहा-वीस सेकंदांत पोचतं आणि लवकर ओसरतं. गालातल्या तंबाखूचं हळूहळू चढतं, पण बराच वेळ टिकून राहतं.

निकोटीन भूकही मारतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पहाटे फडात उतरताना पोटाला आधार म्हणून तंबाखूचा बार भरला जातो. बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतले कितीतरी कारखान्यांच्या तळावर अडकले आणि एप्रिलच्या उत्तरार्धात राज्य सरकारनं परवानगी दिल्यावर परतले. त्यांची शिकणारी मुलं त्या काळात घरीच होती. त्या पोरांना 'पुडी सोड' सांगण्याआधी ती त्यांच्या घरात कुठल्या वाटेनं आली, हे आपण ध्यानात घ्यायला हवं.

टाळेबंदीत पानटपऱ्या बंद झाल्या, सार्वजनिक जागी थुंकण्यावर बंदी आली, पुड्या छापील किमतीच्या कितीतरी पट भावानं विकल्या गेल्या. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे. तरी एकच पुडी चौघांत फिरत राहिली, एकच सिगारेट तिघांच्या ओठांना लागत राहिली. जो विषाणू लाळेतून आणि श्वासातून पसरतो, त्याला याहून सोपी वाट कोणती हवी होती? निकोटीन कोरोनापासून वाचवतं, असा एक अंदाज एप्रिल २०२० मध्ये फ्रान्समधून पुढं आला होता आणि मोबाइलवरून तो गावोगाव पोचला. महिनाभरातच जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं, की धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो.

दारूची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पुरी असावी लागतात. पदवीला शिकणाऱ्या बहुतेकांना दुकानातून बाटली घेण्याचा कायदेशीर अधिकारच नाही. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. कायदा करणाऱ्यांनी हे पाहिलं असो वा नसो, वयाची ही अट मला शहाणपणाची वाटते. मार्चअखेरपासून दुकानं बंद झाली आणि मे महिन्यात उघडू लागली. दुकानं बंद असताना खरा धोका बदली दारूचा होता. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत पुन्हा दुकानं बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्यानं सात जणांचा जीव गेला. मिथेनॉल असलेलं द्रव पोटात गेलं, की यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि रक्त आम्लधर्मी करून जीव घेतं. मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही.

महाराष्ट्रातली महाविद्यालयं पुन्हा नीट उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. दीड वर्षानं पोरं खोलीवर परतली, आणि तीच टपरी, तेच मित्र, तोच चहा समोर आला. दबलेली खूण पुसली गेलेली नसते. मेंदू खुणेवरच चेततो, हा शुल्ट्झच्या माकडांचा धडा आपल्या पोरांनाही लागू आहे. परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सर्वांत नाजूक असतात. यात आता पुडीचीही भर पडलेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी बीडची महाविद्यालयं जोडलेली आहेत. त्यांनी प्रवेशाच्या वेळच्या आरोग्य तपासणीत 'सिगारेट ओढता का' या प्रश्नाशेजारी 'तंबाखू खाता का, मिसरी लावता का, घरात कोण खातं' हेही विचारावं. उत्तर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवावं, म्हणजे उत्तर खरं मिळेल.

जागा आणि सोबत बदलून व्यसन सुटतं, हे आपल्याकडं डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. पण सगळ्यांनाच तिथवर जावं लागत नाही. निकोटीन सोडल्यावर चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ तर काही मिनिटांचीच असते. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके आणि भ्रम येऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

तुमच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आज एवढं करा. कोनाड्यातली पुडी आणि चुन्याची डबी तिथून हलवा, आणि तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ त्या जागी लिहून ठेवा. मन खचलं असेल तर टेलिमानस या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्याखाली लिहा.