सरकारी दवाखाना नेमका कोणाचा?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. त्याला दोन महिने होत नाहीत तोच नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात होते.

तिन्ही वेळा मंत्री धावले, समित्या बसल्या, वाहिन्यांचे कॅमेरे आले. आणि तिन्ही वेळा घराघरांत एकच वाक्य ऐकू आलं : ‘सरकारी दवाखाने असेच.’ या वाक्याने मला फार अस्वस्थ केलं आहे, कारण त्यात आपली हताशा आहे आणि बरंचसं अज्ञानही आहे. ते अज्ञान दूर केलं तर हताशा थोडी कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

‘सरकारी म्हणजे सगळं एकाच खात्याचं’

वरच्या तीन रुग्णालयांचे मालक तीन वेगळे होते. भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय तेव्हा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं होतं. कळव्याचं रुग्णालय ठाणे महानगरपालिकेचं. नांदेडचं वैद्यकीय शिक्षण विभागाचं, ज्याचा मंत्री वेगळा, सचिव वेगळा, अंदाजपत्रकातलं पानही वेगळं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत आहेत. त्यामुळे ‘दिल्लीने काही केलं नाही’ हे गाऱ्हाणं बहुतेक वेळा चुकीच्या दारात जातं. केंद्र राष्ट्रीय आरोग्य अभियानातून पैसा देतं, निकष ठरवतं; पण दवाखाना चालवायची जबाबदारी राज्याची. राज्याच्या आतही वाटण्या आहेत. गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. त्याच तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे ज्यांना सगळे ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात त्यांच्याकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवलेली बाळंतीण वाटेत खातं ओलांडून जाते. तिला ते कळायचं काही कारणच नसतं.

कळव्याची घटना याच वाटणीमुळे नीट समजते. ठाण्याचं जुनं सिव्हिल हॉस्पिटल पुनर्बांधणीसाठी हलवलं होतं. ते राज्याचं. तिथे जाणारे रुग्ण काही नाहीसे झाले नव्हते. ते पाचशे खाटांच्या पालिका रुग्णालयाकडे वळले. एका मालकाने इमारत पाडायला घेतली आणि त्याचं ओझं दुसऱ्या मालकाच्या वॉर्डांत येऊन पडलं. हे हस्तांतर होताना जादा सिस्टर, जादा डॉक्टर, जादा खाटा कोणी कोणाला द्यायच्या, हे आधी ठरवून घेणं म्हणजे देखरेख. मृत्यू मोजायला समिती नेमणं हा त्यानंतरचा टप्पा झाला.

‘आता सरकारी उपचार सगळीकडे फुकट आहेत’

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात तपासणी आणि उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये : प्राथमिक केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा आणि स्त्री रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. म्हणून केसपेपरच्या खिडकीवर वाद होतात आणि त्या खिडकीमागच्या कारकुनाला शिव्या खाव्या लागतात. इथेही प्रश्न तोच, मालक कोण?

‘जागा रिकाम्या आहेत कारण डॉक्टर खेड्यात जायला तयार नाहीत’

यात तथ्य अजिबात नाही असं नाही. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांना तालुक्याच्या गावी टिकवणं अवघड आहे. मुलांची शाळा, राहायचं क्वार्टर, एकट्याने चोवीस तास ओढायची ड्यूटी, सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण या एका वाक्याने सगळी रिक्त पदं समजावून सांगणं म्हणजे शासनाला फार स्वस्तात सोडणं आहे.

कारण रिकाम्या जागा केवळ डॉक्टरांच्या नाहीत. कॅगचा महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात ठेवला गेला. त्यात डॉक्टरांची मंजूर पदं सुमारे पाव रिक्त होती, आणि नर्सची त्याहून जास्त, एक तृतीयांशाच्या आसपास. परिचारिका व्हायला, तंत्रज्ञ व्हायला, सफाई कामगार व्हायला महाराष्ट्रात माणसं मिळत नाहीत, असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड पदांच्या परीक्षा झाल्या, तेव्हा लाखो मुलंमुली बसली होती. पेपर फुटला. पुणे पोलिसांनी धरलेल्यांत खुद्द आरोग्य विभागाचे अधिकारी निघाले. परीक्षा रद्द झाल्या. नवी जाहिरात आली ऑगस्ट २०२३ मध्ये, १०,९४९ पदांची. जिल्हा परिषदांची गोष्ट याहून लांबलेली : मार्च २०१९ ची जाहिरात, तिच्यात आरोग्यसेवकांची पदं, परीक्षा झालीच नाही, ती भरती रद्द करून २०२३ मध्ये पुन्हा जाहिरात काढावी लागली. या वर्षांमध्ये कोरोना येऊन गेला, हे लक्षात घ्या. माणसं दारात उभी होती आणि दार उघडणाऱ्यांना किल्ली सापडत नव्हती.

आणि रिक्त पद मोजलं जातं ते मंजूर पदावरून. मुळात मंजूर किती करायची हे आकृतिबंधावर, म्हणजे पदांच्या ठरवून दिलेल्या आराखड्यावर ठरतं, आणि तो लोकसंख्येवर. पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजारांमागे. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागे, डोंगरी भागात वीस हजारांमागे. पण कोणत्या सालची लोकसंख्या? शेवटची जनगणना २०११ ची. वाघोली, अंबरनाथ, वाळूज अशा ठिकाणी तेव्हाच्या आणि आजच्या वस्तीची तुलना ज्याने डोळ्यांनी केली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. तिथे एकूण एक पदं भरली तरी दवाखाना अपुराच पडणार, आणि कागदावर मात्र ‘शंभर टक्के पदे भरलेली’ असं दिसणार.

‘वीस नर्स आहेत म्हणजे पुष्कळ झाल्या’

इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण हा हिशेब फार कमी लोक मांडतात.

आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका आठ तासांच्या सहा पाळ्या करते, म्हणजे ४८ तास. एका खुर्चीवर दिवसरात्र एक सिस्टर हवी असेल तर १६८ भागिले ४८, साडेतीन जणी लागतात. त्यात रजा, आजारपण, बाळंतपणाची रजा, प्रशिक्षण धरलं की चार, कधी पाच. म्हणजे वीस मंजूर पदांवर एका पाळीला पाच सिस्टर उभ्या राहतात. आता त्यांतली एक तृतीयांश पदं रिकामी धरा. उरल्या तेरा, पाळीला जेमतेम तीन. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असा आहे. तीन सिस्टरांमध्ये बाळंतपणाचा वॉर्ड, लहान मुलांचा वॉर्ड आणि पुरुषांचा वॉर्ड वाटून पाहा.

वडिलांना दम्याचा झटका आला तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात मी तीन रात्री काढल्या आहेत. दुसऱ्या रात्री सिस्टर एकटी होती. पलीकडच्या खोलीत बाळंतीण अडली होती आणि इकडे वडिलांची नेब्युलायझरची नळी सुटली. मी तिला हाक मारली, ती आली, नळी लावली, ‘दादा, एवढी धरून ठेवा, मी येतेच’ म्हणाली आणि धावली. पहाटे आली तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॉनिटरकडे. माझी माफीच मागितल्यासारखं पाहिलं. तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं. तिच्या वाटणीचं काम तीन माणसांचं होतं.

म्हणून एखादी दुर्घटना घडली की त्या पाळीच्या माणसांकडे बोट दाखवताना मला जड जातं. भंडाऱ्यानंतर शल्यचिकित्सकांना निलंबित केलं, कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवलं. नांदेडमध्ये एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय धुवायला लावलं आणि त्याचं चित्रण देशभर दिसलं. निष्काळजीपणा झाला असेल तर शिक्षा व्हायलाच हवी. पण शौचालय अस्वच्छ असतं त्याचं एक कारण सफाई कामगारांची रिकामी पदं हे आहे, आणि ती भरण्याचा अधिकार अधिष्ठात्यांना नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वेळी स्वतःहून दखल घेतली आणि विचारलं ते हेच : पदं किती, रिकामी किती, औषधांची खरेदी कशी होते, आरोग्यावर तरतूद किती. चौकशीची योग्य दिशा ती होती.

औषधांबद्दल दोन वाक्यं. २०१७ पासून खरेदी सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे होती, २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं गेलं. खरेदीची यंत्रणा बदलत असताना वॉर्डातल्या कपाटात काय उरलं आहे हे रोज पाहणारी व्यवस्था नसेल, तर नातेवाइकाच्या हातात बाहेरची चिठ्ठी येणारच.

‘जिल्ह्याला मेडिकल कॉलेज आलं, आता डॉक्टरांची ददात मिटली’

गेल्या काही वर्षांत नंदुरबार, सातारा, रायगड (अलिबाग), सिंधुदुर्ग, धाराशिव, परभणी, आणि २०२४ मध्ये भंडारा, गडचिरोली, जालना, वाशीम अशा अनेक जिल्ह्यांना शासकीय महाविद्यालयं मिळाली. आनंद वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण महाविद्यालयाला रुग्णालय लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी नव्याने उभं राहिलेलं नाही. आधीचं जिल्हा रुग्णालयच वैद्यकीय शिक्षण विभागाशी जोडलं गेलं. पाटी बदलली, खाटा त्याच. शिकवायला प्राध्यापक हवेत, तर ते कधी जुन्या महाविद्यालयांतून प्रतिनियुक्तीवर येतात, म्हणजे एका ठिकाणचा खड्डा भरायला दुसऱ्या ठिकाणी खणलं जातं. विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात, विशेषज्ञ व्हायला त्यापुढे आणखी तीन. शासकीय महाविद्यालयातल्या पदवीधराला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती मोलाची आहे, पण वर्ष संपलं की जागा पुन्हा रिकामी होते.

‘यांच्यावर देखरेख करणारं कोणी नाही’

आहेत, बरेच आहेत. कॅग आहे, लोकलेखा समिती आहे, प्रत्येक रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती आहे, भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ती सुधारलीही. उणीव आहे ती या कागदांतलं गावात वाचलं जाण्याची.

महाराष्ट्राने एकदा हेही करून दाखवलं आहे. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्यपातळीवरच्या समन्वयाचं काम होतं. गावातल्या बायका, सरपंच, कार्यकर्ते मिळून दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरत. नर्सताई ठरलेल्या दिवशी आली का, औषध मिळालं का, बाहेरची चिठ्ठी दिली का. मग जनसुनवाईत तालुका आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर ते वाचलं जाई. मेळघाट, धडगाव, जव्हार अशा भागांत बायका माईक हातात घेऊन डॉक्टरांना प्रश्न विचारत. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की अनेकदा डॉक्टरही तिथे उभे राहून सांगत : आमच्याकडे गाडी नाही, आमच्याकडे फार्मासिस्ट नाही. गाव आणि दवाखाना मिळून वरच्याकडे पाहू लागत.

हे आजही आपल्याला करता येतं, आणि त्यासाठी संस्था लागतेच असं नाही. आपल्या जवळच्या दवाखान्याबद्दल तीन आकडे मागायचे : मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि प्रत्यक्ष हजर किती. तिसरा आकडा विसरू नका. कागदावर भरलेली सिस्टर दोन वर्षं प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या कार्यालयात बसलेली असू शकते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही माफ, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तीन आकडे त्यात सहज मावतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचा अर्ज जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयाचा शल्यचिकित्सक कार्यालयाकडे, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाचा अधिष्ठाता कार्यालयाकडे, पालिकेचा पालिकेच्या आरोग्य विभागाकडे. उत्तर आलं की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि पुढच्या सभेच्या आधी तिसरा आकडा पुन्हा मागा.