द्राक्षगर्भ : निदानावर ठरणारी उपचारांची दिशा

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्याच्या पापनाशम तालुक्यात तिरुक्करुकावूर येथे गर्भरक्षांबिकेचे प्राचीन मंदिर आहे. अपत्यप्राप्ती व सुखरूप प्रसूतीसाठी दांपत्ये तेथे दूरदूरहून येतात. मात्र काही स्त्रियांमध्ये गर्भधारणेची चाचणी होकारार्थी येऊनही गर्भाशयात बाळ वाढत नाही. वारेच्या पेशी फुगून द्राक्षाच्या घोसासारख्या दिसू लागतात. यास 'द्राक्षगर्भ' म्हणतात. हा प्रकार पुन्हा घडल्यास स्त्रीलाच बोल लावला जातो. वस्तुतः त्याचा तिच्या वागणुकीशी संबंध नसतो.

सामान्य फलनात स्त्रीबीज व शुक्राणू प्रत्येकी २३ गुणसूत्रे देतात. पूर्ण द्राक्षगर्भात बहुधा केवळ पित्याचीच गुणसूत्रे असतात, हे जपानी संशोधक काजी व ओहामा यांनी १९७७ मध्ये दाखविले. अंशतः द्राक्षगर्भात सहसा एका स्त्रीबीजात दोन शुक्राणू शिरून गुणसूत्रे ६९ होतात. दोन्ही प्रकारांत पित्याकडील जनुकांचे पारडे जड होऊन वार बेसुमार वाढते.

टेस्ट ट्यूब बेबी उपचारांत फलनानंतर १६ ते १८ तासांनी दोन केंद्रके दिसणे अपेक्षित असते. तीन दिसल्यास तो भ्रूण वगळतात. 'इक्सी' पद्धतीत स्त्रीबीजात एकच शुक्राणू सोडल्याने दुहेरी प्रवेश टळतो. तथापि, एकाच शुक्राणूची गुणसूत्रे दुप्पट होण्याचा दोष त्यामुळे टळत नाही. त्यासाठी भ्रूणाची जनुकीय तपासणी लागते.

वारंवार होणाऱ्या द्राक्षगर्भाचा एक आनुवंशिक प्रकार याहून वेगळा आहे. त्यात गुणसूत्रे माता-पिता दोघांचीही असतात. परंतु मातेच्या 'एनएलआरपी-७' जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याने स्त्रीबीजच योग्य रीतीने घडत नाही. या जनुकाचा शोध २००६ मध्ये लागला. येथे स्वतःचे स्त्रीबीज वापरून केलेली इक्सी सहसा निष्फळ ठरते. दात्या स्त्रीचे बीज हा परिणामकारक पर्याय असतो. २०२१ च्या कायद्यानुसार अशी दाती २३ ते ३५ वर्षे वयाची असावी लागते. म्हणूनच खर्चिक उपचारांपूर्वी जनुकीय चाचणी आवश्यक ठरते.

द्राक्षगर्भ काढल्यानंतर रक्तातील 'एचसीजी' संप्रेरकाची नियमित तपासणी अनिवार्य असते. पूर्ण द्राक्षगर्भाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत पेशींची वाढ चालूच राहून औषधोपचार करावे लागतात. त्यासाठीचे मेथोट्रेक्झेट हे औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधनातून आले. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बऱ्या होतात. त्यामुळे काढलेल्या ऊतींची तपासणी आणि चिकाटीचा पाठपुरावा या सोयी तालुका पातळीवरील स्त्रीपर्यंत पोहोचणे हीच खरी गरज आहे.