निवृत्तीनंतरची २९ मिनिटं

खेळाडू निवृत्त झालेला. तीन महिन्यांत एकही सामना न खेळलेला. त्याच्या रक्तात एक विषाणू, ज्याचं नुसतं नाव ऐकून त्या काळी माणसं दोन पावलं मागे सरकत. असा माणूस देशातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात पहिल्या पाचांत उतरतो, २९ मिनिटं खेळतो, २५ गुण करतो आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरतो. ९ फेब्रुवारी १९९२, रविवार. फ्लोरिडातलं ऑरलँडो शहर. खेळाडूचं नाव अर्व्हिन जॉन्सन. सगळं जग त्याला मॅजिक म्हणतं.

मॅजिकचा जन्म १९५९ चा, मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंगचा. वडील मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू त्याच्या हातात असतो आणि कोणाला, कुठे, कधी द्यायचा हे तो ठरवतो. हे काम सहसा संघातल्या बुटक्या, चपळ माणसाकडे जातं. मॅजिकची उंची मात्र सहा फूट नऊ इंच! एवढा उंच माणूस सगळ्यांच्या डोक्यावरून मैदान बघत होता, नजर एकीकडे ठेवून पास दुसरीकडे देत होता. १९८० मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलच्या, अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात मॅजिकच्या लॉस एंजेलिस लेकर्स संघातला करीम अब्दुल-जब्बार जखमी होता, तेव्हा पहिल्याच वर्षी खेळणारा हा वीस वर्षांचा मुलगा त्याच्या जागी उभा राहिला आणि त्याने ४२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) अशी कामगिरी करून संघाला विजेतेपद मिळवून दिलं. पुढे लेकर्सने त्याच्यासह आणखी चार विजेतेपदं जिंकली.

ऑक्टोबर १९९१ मध्ये विम्यासाठीच्या एका साध्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. संघ सराव सामन्यासाठी युटामध्ये होता, तिथून त्याला माघारी बोलावून घेतलं. ७ नोव्हेंबरला त्याने पत्रकारांसमोर उभं राहून सगळं सांगितलं आणि निवृत्ती जाहीर केली. आपल्याला एचआयव्ही आहे, एड्स नाही, हेही त्याने तेव्हाच स्पष्ट केलं. ऐकणाऱ्यांना मात्र तो फरक ऐकू गेला नाही. एचआयव्ही हा विषाणू. तो शरीराच्या संरक्षक पेशींना, विशेषतः सीडी-४ पेशींना, हळूहळू संपवत जातो. त्या फार कमी झाल्या आणि शरीर साध्या संसर्गांशीही लढू शकेना झालं, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मधे अनेक वर्षं जाऊ शकतात. त्या वर्षांत माणूस धावतो, उड्या मारतो, जिंकतोही. पण १९९१ मध्ये औषधं मोजकी होती. एझेडटी या औषधाला मान्यता मिळून चारच वर्षं झाली होती आणि एकट्याने ते फार काळ पुरत नसे. बहुतेकांनी मनातल्या मनात मॅजिकला निरोप देऊन टाकला.

आता ऑल-स्टार सामन्याची गोष्ट. त्या काळी हंगामाच्या मध्यावर, फेब्रुवारीत, एनबीएमधल्या पूर्व आणि पश्चिम विभागांचे निवडक खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत. तेव्हा सुरुवातीचे पाच जण प्रेक्षक मतपत्रिकेवर खुणा करून निवडत. मतपत्रिकांवर मॅजिकचं नाव होतंच, आणि लोकांनी निवृत्त माणसाला भरभरून मतं दिली. एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी त्याला खेळायची परवानगी दिली. पश्चिम संघातल्या टिम हार्डवेने पहिल्या पाचांतली आपली जागा त्याच्यासाठी सोडली. या एका कृतीचं मला फार मोल वाटतं. कारण सगळे खूश नव्हते. जो खेळत नाही त्याने कुणाची जागा का अडवायची, असा प्रश्न होता. त्याहून मोठा प्रश्न लोक कुजबुजत होते: त्याचा घाम लागला तर? धक्काबुक्कीत ओरखडा उठला तर?

विज्ञानाकडे याचं उत्तर तेव्हाही होतं. हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव आणि आईचं दूध यांतून पसरतो. घामातून पसरत नाही. लाळेतून किंवा स्पर्शातूनही नाही. धडधाकट कातडी त्याच्यापुढे भिंत असते, आणि शरीराबाहेर त्याची गत पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी होते. उरली मैदानावर रक्त येण्याची शक्यता. १९९५ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या, म्हणजे बास्केटबॉलहून कितीतरी जास्त रक्तबंबाळ होणाऱ्या खेळाच्या, अभ्यासातून संशोधकांनी अंदाज काढला: मैदानावरच्या साडेआठ कोटी झटापटींमागे एकाहूनही कमी वेळा संसर्गाची शक्यता.

पण आकडा वाचून कुणी मिठी मारत नाही. ऑरलँडोचा सामना मला विलक्षण वाटतो तो याच कारणाने. आदल्या दिवशी, शनिवारी, सेड्रिक सेबॅलॉस या खेळाडूने डोळ्यांवर पट्टी बांधून डंक केला, म्हणजे उडी घेऊन चेंडू थेट जाळीत कोंबला, आणि डंकची स्पर्धा जिंकली. ती एरवी त्या वीकेंडची मोठी बातमी झाली असती. रविवारी मॅजिकचं नाव पुकारलं गेलं आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मग पूर्वेचा, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा, आयझेया थॉमस मैदान ओलांडून आला, त्याने मॅजिकला मिठी मारली, गालाचं चुंबन घेतलं. त्याच्यामागोमाग बाकीचे आले. घामाची, स्पर्शाची भीती बाळगणाऱ्या लाखो लोकांनी टीव्हीवर हे बघितलं. एवढी थेट आरोग्यशिकवणी कुठल्याही भित्तिपत्रकाने दिली नसती.

खेळ सुरू झाला आणि दुसरं आश्चर्य उलगडत गेलं. तीन महिने सामन्याबाहेर राहिलेल्या माणसाची नजर जरासुद्धा बोथट झाली नव्हती. बारांपैकी नऊ फटके जाळीत, नऊ असिस्ट, पाच रिबाउंड. पश्चिम संघ खूपच पुढे गेला. शेवटी १५३-११३ असा निकाल लागला, पण निकालाकडे बघायला कुणाला वेळ होता?

खरी मजा शेवटच्या काही मिनिटांत आली. मॅजिकने लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, एकापाठोपाठ फटके मारायला सुरुवात केली. मग बाकीचे खेळाडू बाजूला सरले आणि मैदान जणू दोघांसाठीच मोकळं झालं. थॉमस चेंडू घेऊन मॅजिकवर एकटा चालून आला; मॅजिकने त्याला रोखलं. मग पूर्वेचाच मायकल जॉर्डन आला. त्याचाही फटका हुकला. त्यानंतर मॅजिकने थॉमसच्या अंगावरून लांबचा फटका मारला, आणि चेंडू जाळीतून सरळ खाली आला. तीन प्रयत्न, तिन्ही तीन गुणांचे. घड्याळात १४.५ सेकंद शिल्लक होती. ती कुणी खेळलीच नाहीत. दोन्ही संघ मैदानात धावत आले, मॅजिकभोवती गर्दी झाली, आणि सामना तिथेच थांबला.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं, हेही इथे सांगायला हवं. १९८९ मध्ये गोव्यात डॉमनिक डिसोझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण एचआयव्हीबाधित निघाला. पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशात, क्षयरुग्णांसाठीच्या एका ओस इमारतीत, ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. कायदाच तसा होता. त्याच्या आईने उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. बाहेर आल्यावर डॉमनिकने बाधितांसाठी काम उभं केलं, आणि मे १९९२ मध्ये, ऑरलँडोच्या सामन्यानंतर तीन महिन्यांनी, तो गेला. भीती तीच होती. तिकडे तिला स्टेडियमभर टाळ्यांनी उत्तर मिळालं. इकडे एका तरुणाने आणि त्याच्या आईने तिच्याशी जवळजवळ एकट्याने झुंज दिली. ही गोष्ट मराठी वाचकाला मॅजिकइतकीच माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या रविवारने भीती संपली, असंही नाही. त्या उन्हाळ्यात मॅजिकने बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं आणि शरद ऋतूत पुन्हा लेकर्सकडून खेळायचं ठरवलं. एका सराव सामन्यात त्याच्या हातावर ओरखडा उठला आणि प्रेक्षागृह चिडीचूप झालं. ऑरलँडोत त्याच्याच संघातून खेळलेल्या कार्ल मलोनने आपल्याला वाटणारी भीती उघडपणे बोलून दाखवली. मॅजिकने हंगाम सुरू होण्याआधीच पुन्हा निवृत्ती घेतली. हाताला हात लागून काही होत नाही हे तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा रक्ताच्या एका रेघेने बिचकली.

तो परत आला ३० जानेवारी १९९६ ला. अंगाने जाड, वयाने छत्तीस, समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स. १९ गुण, १० असिस्ट, ८ रिबाउंड. त्या हंगामात तो ३२ सामने खेळला आणि या वेळी त्याच्याशी भिडायला कुणी कचरलं नाही. योगायोग बघा, त्याच वर्षी अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार रुग्णांपर्यंत पोहोचू लागला. एक औषध विषाणूच्या वाढीची एक पायरी अडवतं, दुसरं दुसरी. एकाच वेळी सगळ्यांना चकवण्याइतके बदल स्वतःत करणं विषाणूला जमत नाही. नेमाने औषध घेणाऱ्याच्या रक्तात तो चाचणीलाही सापडेनासा होतो, आणि अशा माणसाकडून लैंगिक संबंधातूनही तो दुसऱ्याकडे जात नाही. ज्याला १९९१ मध्ये जगाने निरोप देऊन टाकला होता, तो मॅजिक त्यानंतर कितीतरी दशकं धंदा करत, संघ विकत घेत, नातवंडांचा आजोबा होत जगला आहे.