संत्र्याचा व्यापार : बाग झाडावर घेण्यापूर्वी विचार करा

फळांचा धंदा आमच्या बागवान बांधवांना वारशाने मिळालेला आहे. नागपूर व अमरावती जिल्ह्यांत, काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांत संत्र्याच्या बागा घेणाऱ्या व्यापाऱ्यांत आमचे बांधव पुष्कळ आहेत. फळ तोडणारे, पेट्या भरणारे, ट्रकवाले अशा अनेकांची चूल त्यावर पेटते. म्हणूनच या धंद्याला बसलेल्या धक्क्याची चर्चा या पानावर करणे आम्हाला गरजेचे वाटते.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मोठे, परंतु परदेशी गिऱ्हाईक मुख्यतः एकच, ते म्हणजे बांगलादेश. तेथील आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला सुमारे २० रुपये होते, ते २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले. हिशेब करून पाहा. २० किलोच्या क्रेटवर पूर्वी ४०० रुपये शुल्क पडत होते, ते १,७६० रुपये झाले. एवढा बोजा घेऊन माल सरहद्दीपलीकडे कसा विकायचा? जो माल तिकडे जायचा तो देशातल्याच बाजारात उतरला आणि भाव पडले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शुल्काच्या निम्म्या रकमेइतके अनुदान जाहीर केले. पण एका गिऱ्हाईकावर चालणारे दुकान अनुदानाने किती दिवस चालणार?

नुकसान कोणाचे?

संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघते. मृग बहार जून-जुलैत फुलतो व त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. व्यापारी फळ हिरवे असतानाच बाग उक्ती घेतो, इसार देतो व तोडणीच्या वेळी बाकी रक्कम देण्याचे ठरते. मध्यंतरी फळगळ झाली, गारपीट झाली किंवा भाव कोसळला की तंटा सुरू होतो. व्यापारी इसार सोडून बाग टाकून जातो आणि शेतकऱ्याचे फळ झाडावरच सडते. किंवा व्यापारी शब्द पाळतो व कर्जात बुडतो. दोन्ही बाजूंनी घर उजाडते ते गरिबाचेच.

या बाबतीत इस्लामची शिकवण स्पष्ट आहे. फळाची पक्वता दिसून येण्यापूर्वी ते विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. अल्लाहने फळच दिले नाही तर आपल्या भावाचा पैसा कोणत्या हक्काने घ्यायचा, असा त्यामागचा विचार आहे. आपत्तीने फळ गेले तर खरेदीदाराला सूट देण्याचीही शिकवण आहे. इसार जप्त करण्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा आपल्या आलिमांना विचारूनच करार करावा. आमची सूचना साधी आहे. झाडांच्या अंदाजावर सौदा न करता फळ तयार झाल्यावर, प्रतवारी पाहून, वजनावर भाव ठरवावा आणि तो दोन साक्षीदारांसमक्ष कागदावर लिहून घ्यावा.

दुसरी बाजारपेठ

फेब्रुवारी २०२० मध्ये वाशीहून नागपुरी संत्री दुबईला रवाना झाली होती. आखाताचा रस्ता बंद नाही, पण सोपाही नाही. तेथे इजिप्त व दक्षिण आफ्रिकेची संत्री आणि पाकिस्तानचा किन्नो आधीच बसलेले आहेत. आपल्या संत्र्याची साल सैल, त्यामुळे ते सोलायला सोपे; पण त्याच कारणाने ते लवकर दबते व खराब होते. बियाही जास्त. ट्रकमध्ये सुटे भरलेले फळ तेथे चालणार नाही. धुणे, मेण लावणे, आकारानुसार वेगळे करणे, थंड करणे आणि मजबूत पुठ्ठ्याच्या खोक्यात भरणे, हे सर्व करावेच लागते. पेट्या बनवणाऱ्या आमच्या कारागिरांनाही यात काम आहे.

निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड क्रमांक, अपेडाकडे नोंदणी आणि फळ रोगमुक्त असल्याचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हे एकट्या लहान व्यापाऱ्याच्या आवाक्यात नसेल तर पाच-दहा जणांनी भागीदारी करावी. बागेची निगा कशी आहे हेही पाहावे. डिंक्या रोगाची झाडे व औषधांचे अंश असलेले फळ निर्यातीला निरुपयोगी. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला शेतकऱ्याबरोबर आपणही घ्यावा.

शेवटची गोष्ट सचोटीची. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही असे बजावले. खोक्याच्या वरच्या थरात मोठी फळे आणि खाली बारीक भरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. दुबईचा व्यापारी एकदा फसला तर पुन्हा त्या गावचा माल घेणार नाही, आणि त्याची शिक्षा प्रामाणिक व्यापाऱ्यालाही भोगावी लागेल. माल चोख, करार स्वच्छ आणि गिऱ्हाईक एकाहून अधिक, एवढे साधले तर या धंद्यात इन्शाअल्लाह पुन्हा बरकत येईल.